सात वर्षांची मंदाकिनी आणि आपला संशोधन-प्रश्न

पीएचडीच्या तयारीत असलेले विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, विषय तर आवडलाय, पण त्यावर काही मिळतच नाही. विषय बदलून टाकू का?"

उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज एक उदाहरण घेऊ. विषय मुद्दाम अवघड निवडलाय : मूकपटाच्या काळात लोकांना हसवणारा बालकलाकार. आपल्याकडचं त्यातलं सगळ्यात ठळक नाव म्हणजे मंदाकिनी फाळके. दादासाहेब फाळक्यांची मुलगी. १९१९ च्या 'कालिया मर्दन' या मूकपटात तिने बाळकृष्ण रंगवला, तेव्हा ती सात वर्षांची होती.

तुम्ही आराखड्यावर 'मंदाकिनी फाळके : जीवन आणि कार्य' असं शीर्षक टाकलंत, तर पहिल्याच बैठकीत अडकाल. जन्म, शिक्षण, चित्रपट, योगदान अशी प्रकरणं पाडाल आणि दुसऱ्या प्रकरणातच थांबाल. कारण हा साचा मोठ्या माणसांच्या चरित्रासाठी बनलेला आहे. सात वर्षांच्या मुलीचं 'करिअर' त्यात बसवायला गेलं की पानं भरतात ती वडिलांच्या माहितीने. मग प्रबंध दादासाहेबांचा होतो आणि मंदाकिनी तळटीपेत जाते.

विषय टाकून द्यायची गरज नाही. प्रश्न बदलायचा. कसा, ते टप्प्याटप्प्याने बघू.

आधी नावांचा गुंता सोडवा

मी मूळची कारंज्याची. नागपूरला शिकायला गेले तेव्हा गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "घाडग्यांचं की लाडांचं?" कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर. कारंजा (लाड) वाशीम जिल्ह्यात. कंस विसरलात तर पत्र दुसऱ्याच जिल्ह्यात जातं. संशोधनातही हा कंस फार महत्त्वाचा असतो.

फाळक्यांचंच उदाहरण घ्या. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, हे आपल्याला पाठ आहे. त्यात रोहिदासाचं काम फाळक्यांचा मुलगा भालचंद्र याने केलं, हेही आपण वाचलेलं असतं. पण १९१७ मध्ये फाळक्यांनी हीच कथा 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने पुन्हा चित्रित केली. आज 'राजा हरिश्चंद्र' म्हणून जे तुकडे दाखवले जातात, ते या दुसऱ्या चित्रपटाचे आहेत, असं काही अभ्यासकांनी साधार मांडलं आहे. आता तुम्ही यूट्यूबवर ते तुकडे पाहिलेत आणि लिहिलंत की '१९१३ मध्ये भालचंद्रचा अभिनय असा होता', तर काय होईल? कदाचित तुम्ही चार वर्षांनंतरच्या चित्रपटावर लिहीत असाल. घाडग्यांचं पत्र लाडांच्या कारंज्याला गेलं म्हणायचं.

म्हणून नोंदवहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक चित्रपटाचं नाव, वर्ष, कंपनी आणि आपण पाहिलेली प्रत, या चार गोष्टी लिहा. 'कालिया मर्दन', १९१९, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, नाशिक. शोधताना लिपी आणि स्पेलिंग बदलून पाहा : कालिया, कालीया, कालियामर्दन, इंग्रजीत तर आणखी तीन-चार प्रकार सापडतील. 'मिळत नाही' असं वाटणारं बरंच साहित्य नुसत्या स्पेलिंगमुळे लपलेलं असतं.

साधन समोरच आहे : चित्रपट स्वतः

फाळक्यांनी केलेल्या चित्रपटांपैकी फार थोडे आज उरले आहेत, तेही बहुतेक तुकड्यांत. 'कालिया मर्दन' हा त्यातल्या त्यात नशीबवान. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडे उरलेल्या फिती मिळवून जतन केल्या, म्हणून आज आपण कारंज्यात बसून मोबाइलवर मंदाकिनीला पाहू शकतो. मूळ चित्रपट सुमारे ६००० फूट लांबीचा होता. आज उरलेला भाग त्याहून लहान आहे, पण गोष्ट सलग कळण्याइतका मोठा आहे.

म्हणजे बघा, मंदाकिनीबद्दलचं सगळ्यात मोठं प्राथमिक साधन कुठल्या कपाटात कुलूपबंद नाही. ते पडद्यावर आहे, आणि त्यात ती स्वतः आहे. प्राथमिक साधन म्हणजे काय, हे आपण नेट-सेटच्या तयारीत पाठ करतो : घटनेच्या काळातलं, प्रत्यक्ष घटनेशी जोडलेलं. वडिलांचं चरित्र हे तिच्या कामाबद्दलचं दुय्यम साधन. तिचा चेहरा हे प्राथमिक.

त्या चेहऱ्यापासूनच चित्रपट सुरू होतो. कथा सुरू व्हायच्या आधी पाटी येते, तीत सात वर्षांच्या मुलीचे चेहऱ्यावरचे भाव दाखवतो असं सांगितलेलं आहे. मग मंदाकिनी समोर येते आणि एकामागून एक भाव करून दाखवते. त्यानंतर ती कृष्णाच्या वेषात दिसते. यातून फाळके प्रेक्षकाला काय सांगत होते? 'हा देव नाही, ही माझी मुलगी आहे. आता बघा ती कृष्ण कशी होते.' पौराणिक चित्रपट पाहताना लोक पडद्याला हात जोडत होते, त्या काळात हा माणूस आधी नटी दाखवतो आणि मग देव. हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. फाळके जादूचे प्रयोग करायचे आणि त्यासाठी त्यांनी 'केल्फा' हे नाव घेतलं होतं. स्वतःचंच आडनाव उलटं करून. चित्रपट कसा बनतो हे दाखवणारा चित्रपटही त्यांनी काढला होता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १९१३ मध्ये तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने ती भूमिका केली. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. आणि १९१९ मध्ये एक मुलगी कृष्ण झाली. स्त्रीपार्टी नटांबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. मुलाचं काम करणाऱ्या लहान मुलीकडे तसं बघायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

हसू नेमकं कुठून येतं?

आता मुख्य मुद्दा. मंदाकिनीच्या कृष्णाला बघून आपल्याला हसू येतं. तो गावातल्या पोरांची टोळी घेऊन फिरतो. एक बाई त्याच्या अंगावर पाणी उडवते, तर पोरं तिच्या घरातलं लोणी पळवून सूड उगवतात. एका श्रीमंत व्यापाऱ्याची आणि त्याच्या बायकोची तो खोडी काढतो, मग गाव तक्रार घेऊन नंद-यशोदेच्या दारात. शेवटी यमुनेत उडी, काठावर रडणारं गोकुळ आणि कालियाशी झुंज.

'मंदाकिनीचा विनोदी अभिनय उत्कृष्ट आहे' असं वाक्य लिहिण्याआधी थांबा. हे हसू तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतं.

पहिलं ठिकाण : गोष्ट. लोणीचोर कृष्ण १९१९ च्या प्रेक्षकाला नवा नव्हता. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन, गोकुळाष्टमीची दहीहंडी, गवळणीतला पेंद्या, हे सगळं त्याने पाहिलेलं होतं. आपल्याकडे आजही शाळेच्या गॅदरिंगला मोरपीस लावलेलं पोर नुसतं स्टेजवर आलं तरी लोक हसायला लागतात. ते हसू परंपरेचं. त्या पोराने अजून काहीच केलेलं नसतं.

दुसरं ठिकाण : यंत्र. हे फार जण विसरतात. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे. साधारण सेकंदाला १६ चौकटी धरल्या जातात, पण तो वेग कमी-जास्त व्हायचा. बोलपट आल्यावर २४ चौकटी हा वेग ठरला. आता हिशोब करू. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. ६००० फूट म्हणजे ९६,००० चौकटी. सेकंदाला १६ ने दाखवल्या तर १०० मिनिटं. २४ ने दाखवल्या तर ६७ मिनिटंसुद्धा होत नाहीत. तोच चित्रपट, तीच मुलगी, पण दुसऱ्या वेगात सगळे तुरुतुरु पळतात आणि साधं चालणंही विनोदी दिसतं. इंटरनेटवरच्या अनेक प्रती अशा वेगात असतात. म्हणून पाहताना वेग ०.७५ किंवा त्याहून थोडा कमी करून पाहा. जे हसू वेग कमी केल्यावर नाहीसं होतं, ते मंदाकिनीचं नव्हतं, यंत्राचं होतं.

तिसरं ठिकाण : ती स्वतः. वेग कमी केल्यावरही जे उरतं ते. खोडी काढण्याआधीचं थांबणं, पकडलं गेल्यावर चेहऱ्यावर आणलेला साळसूदपणा, मोठ्या माणसांच्या घोळक्यात उभं राहण्याची ढब. याच्या नोंदी करा. प्रबंधातलं खरं प्रकरण इथे आहे.

यातही एक पाऊल पुढे जाता येतं. मूकपटाचं चित्रण सुरू असताना दिग्दर्शक मोठ्याने सूचना देऊ शकायचा, कारण आवाज मुद्रित होतच नव्हता. म्हणून मुलाची नजर चौकटीच्या बाहेर एखाद्या ठिकाणी वारंवार जाते का, हे पाहा. तशी जात असेल तर तिथे कुणीतरी उभं राहून सांगत असण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणाले, पुरावा नाही. अशा ठिकाणी 'दिसते', 'सूचित होते' असे शब्द वापरायला शिका. 'सिद्ध होते' हा शब्द महाग आहे, जपून खर्च करा.

वडिलांचे शब्द वापरा, पण तारीख बघून

फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात 'भारतीय चित्रपट' या नावाने लेख लिहिले. मराठीत, स्वतःच्या शब्दांत. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांना हे सोन्याहून पिवळं. पण तारीख बघा. लेख १९१८ पर्यंतचे, 'कालिया मर्दन' १९१९ चा. म्हणजे या लेखांवरून फाळक्यांचा चित्रपटाकडे बघण्याचा दृष्टिकोन सांगता येईल. मंदाकिनीच्या त्या कामाबद्दलचं त्यांचं मत सांगता येणार नाही. साधन घटनेच्या आधीचं असेल तर ते पार्श्वभूमी देतं, साक्ष देत नाही.

१९२७-२८ मध्ये इंग्रज सरकारने दिवाण बहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची चौकशी समिती नेमली होती. तिच्यासमोर आलेल्या साक्षी छापलेल्या आहेत, त्यांत फाळक्यांचं म्हणणंही आहे. हे साधन नंतरचं. तिथे वेगळी काळजी : दहा वर्षांनी सरकारी प्रश्नावलीला उत्तर देणारा माणूस आपल्या धंद्याची बाजू मांडत असतो.

खेळ की काम?

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता थोडं टोचणारं.

'राजा हरिश्चंद्र'च्या चित्रणाबद्दल फाळक्यांच्या चरित्रात एक प्रसंग येतो. रोहिदास मरतो, म्हणून कुणी आपल्या मुलाला ते काम देईना. शेवटी फाळक्यांनी आपल्याच मुलाला उभं केलं. चित्रणाच्या वेळी भालचंद्र खडकावर पडला, डोक्याला लागलं, तो बेशुद्ध झाला. आणि फाळक्यांनी काम न थांबवता त्याच अवस्थेत त्याच्या मृत्यूचं दृश्य घेतलं. ही गोष्ट नेहमी फाळक्यांच्या जिद्दीचा दाखला म्हणून सांगितली जाते. तुम्ही ती एकदा भालचंद्रच्या बाजूने वाचून बघा. जिद्द कुणाची आणि डोकं कुणाचं?

प्रसंग तोच, प्रश्न बदलला की अर्थ बदलतो. यात फाळक्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. घर हाच स्टुडिओ होता. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत राबत होत्या. मुलंही त्याच घरातली. पण 'घरचंच आहे' म्हटलं की मुलाचं काम दिसेनासं होतं, हे आपण शेतीत आणि दुकानातही बघतो. कापूस वेचायला गेलेलं पोर 'मदतीला' गेलेलं असतं, कामाला नाही.

जगाकडे बघितलं तर हाच प्रश्न दुसऱ्या टोकाला दिसतो. चॅप्लिनचा 'द किड' १९२१ चा, म्हणजे 'कालिया मर्दन'नंतर दोन वर्षांनी. त्यातला जॅकी कूगन चित्रणाच्या वेळी जेमतेम पाच वर्षांचा. त्याने लहानपणी लाखो डॉलर कमावले. मोठा झाल्यावर कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी बहुतेक पैसे उडवलेत. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला, हाती आले सुमारे १,२६,००० डॉलर. त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवणारा कायदा झाला, तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

दुसरी 'बेबी पेगी'. १९१८ चा जन्म, दोन वर्षांची व्हायच्या आतच विनोदी लघुपटांत. तिचे बहुतेक लघुपट नष्ट झाले. पण ही मुलगी पुढे डायना सेरा कॅरी या नावाने लेखिका झाली आणि तिने बालकलाकारांचा इतिहास स्वतः लिहिला. २०२० मध्ये, १०१ वर्षांची होऊन ती वारली. ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांच्यातलंच कुणी संशोधक होतं तेव्हा प्रश्न कसे बदलतात, हे बघायला तिची पुस्तकं वाचा. ती आधी विचारते : किती तास, कुणाच्या सांगण्यावरून, पैसे कुणाकडे?

आपल्याकडे आज नियम आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तिने मुलांना चित्रपट-मालिकांत कलाकार म्हणून काम करायला अटींवर परवानगी दिली. २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईचा निदान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मंदाकिनीच्या काळात यातलं काहीच नव्हतं. म्हणून आजची फूटपट्टी घेऊन १९१९ ला शिक्षा देऊ नका. पण हा नियम हातात घेऊन १९१९ चा चित्रपट पाहिला की 'काम' दिसायला लागतं : पाण्यातलं दृश्य, पोरांच्या घोळक्यातली धावपळ, जड वेष. फूटपट्टी शिक्षेसाठी नको, मोजायला घ्या.

मग प्रश्न कसा लिहायचा?

आता परत शीर्षकाकडे. 'मंदाकिनी फाळके : जीवन आणि कार्य' हे नाव आहे, प्रश्न नाही. त्याऐवजी असं काही बघा :

१. 'कालिया मर्दन'मध्ये बालविनोद कशातून घडतो : परिचित कथेतून, चित्रीकरणाच्या वेगातून की अभिनयातून?

२. कथेआधी मुलीचा चेहरा दाखवण्याने प्रेक्षकाचं देवत्वाशी असलेलं नातं कसं बदलतं?

३. फाळक्यांवरच्या मराठी चरित्रलेखनात त्यांच्या मुलांचं काम कोणत्या शब्दांत सांगितलं आहे : मदत, त्याग, हौस की श्रम?

तिन्ही प्रश्नांना उत्तर शोधता येतं. पहिल्याला चित्रपट आणि नोंदवही पुरे. दुसऱ्याला चित्रपटासोबत कीर्तन-नाटकाची परंपरा वाचावी लागेल. तिसऱ्याला ग्रंथालय, आणि हा प्रश्न तर कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी बसून सुरू करता येतो, कारण फाळक्यांवरची मराठी पुस्तकं दुर्मीळ नाहीत. कुठलाच प्रश्न मंदाकिनीचं सगळं आयुष्य सांगायचा दावा करत नाही. उलट, जेवढं साधन बोलतं तेवढंच ऐकतो. मार्गदर्शकांसमोर बसाल तेव्हा ते पहिल्यांदा हेच तपासतात : प्रश्न आणि साधन एकमेकांच्या मापाचे आहेत का?

माझा स्वतःचा पहिला आराखडा 'मूकपटातील बालकलाकार : एक अभ्यास' असा होता. परत आला. वर पेन्सिलने एकच शब्द लिहिलेला : "कोणता?" तेव्हा राग आला होता. आज तो शब्द मी इतरांच्या आराखड्यांवर लिहिते.

या आठवड्याचं काम

'कालिया मर्दन'ची पहिली दहा मिनिटं शोधून काढा. एकदा आहे त्या वेगात पाहा, एकदा वेग कमी करून. वहीत चार रकाने आखा : मिनिट-सेकंद, मुलगी काय करते, तिची नजर कुठे आहे, हसू कुठून आलं. चौथ्या रकान्यात 'गोष्ट', 'यंत्र' किंवा 'ती' यातला एक शब्द लिहा. जिथे ठरवता येत नाही तिथे दोन लिहा आणि का ठरत नाही ते बाजूला टिपून ठेवा.

त्या टिपा टाकून देऊ नका. तुमचा प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.